नानांनी न दिलेली साक्ष

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि कातळखोलच्या सरपंच माननीय सुगंधाताई जुवाटकर. तालुक्याहून कामं बाजूला ठेवून आलेले आमचे डॉक्टरसाहेब. शाळेचा हा हॉल आणि स्वतःचा रविवार, दोन्ही आम्हाला देणाऱ्या मुख्याध्यापिका यशोदा खोत मॅडम. रवळनाथ देवस्थानचे मानकरी. सतरा वर्षं माझ्याबरोबर उन्हातान्हात घरोघर फिरलेली आमची आशाताई तन्वी. आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या आया, बहिणी, भाऊ, आणि मी सुई टोचली म्हणून अजूनही आईच्या मागे तोंड लपवणारी लहान मंडळी, तुम्हा सर्वांना सारिका गिरामचा नमस्कार.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, कौतुकाचे चार शब्द बोललात. डॉक्टरसाहेब म्हणाले की सिस्टरांनी एकही लसीकरणाचा दिवस चुकवला नाही. साहेब, एक चुकवलाय. त्या दिवशी खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं. अहवालात मी तो दुसऱ्या दिवशी दाखवलाय. आता निवृत्त झाले, म्हणून सांगते.

मला भाषणाची सवय नाही. उपकेंद्रात माझी वाक्यं ठरलेली. शर्टाची बाही वर करा. जिथे टोचलं तिथे चोळू नका. गोळी जेवणानंतर घ्या. सतरा वर्षांत मला तुमची मालवणी कळायला लागली, पण बोलायला काही आली नाही; मी तोंड उघडलं की तन्वी पदर तोंडाला लावून हसते. तेव्हा मी माझ्या परभणीच्या मराठीतच बोलते. आणि आज गोळ्यांविषयी बोलणार नाही. परवानगी असेल तर मी देवळासमोरच्या गुंड्याविषयी बोलणार आहे.

इथे आले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता, मूलबाळ नव्हतं, आणि बदली मागताना 'कुठेही चालेल' असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात मला कुणीतरी सांगितलं, "आमच्या गावात एकच गुंडो आसा, देवळासमोर असता." आमच्याकडे गुंडा म्हणजे पोलिसांनी धरून न्यायचा इसम. मी चार दिवस देवळाकडे गेले नाही!

हसा, हसा. तेव्हा मी हे कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगायला कुणी नव्हतं.

नंतर कळलं की गुंडो म्हणजे तो काळा गोल धोंडा. आपल्या सगळ्या सड्यावर, या उघड्या माळावर, तांबडा जांभा आणि हा एकटाच काळा कुळकुळीत, गुळगुळीत, धरायला कुठे कंगोरा नाही. जत्रेच्या दिवशी पालखी निघण्याआधी तो उचलायची रीत, पण एरवी उचललेलाही चालतो. मांडीवर घ्यायचा, छातीला लावायचा, ताठ उभं राहायचं आणि तीन श्वास घ्यायचे. मग साक्षीदाराने मोठ्याने म्हणायचं, "उठलो!" म्हणजे गुंडो उठला. त्यानंतरच तो उचलला असं गाव मानणार. साक्षीदार कुणीही चालत नाही. ज्याने स्वतः गुंडो उचललाय आणि ज्याच्या उचलण्याला कुणाची साक्ष आहे, त्यानेच साक्ष द्यायची. मी आले तेव्हा असा माणूस गावात एकच उरला होता. शंकर खवणेकर. आपले नाना.

नाना तरुणपणी रेडीच्या बंदरावर खनिज भरायच्या कामाला होते. तिथून परत आले त्या वर्षी, बाविसाव्या वर्षी त्यांनी गुंडो उचलला. साक्ष शिवा तांडेल यांची. शिवा तांडेल गेले, त्यांच्या बरोबरचे गेले. पुढची मुलं गोव्याला गेली, मुंबईला गेली, बोटीवर गेली. नानांचा मुलगा प्रितेशही एकोणिसाव्या वर्षी बोटीवर गेला. प्रितेश, तू मागे उभा आहेस ते मी पाहिलंय. उभा राहू नकोस बाबा, इथे पुढे खुर्ची आहे.

तर माझ्या पहिल्या जत्रेला मी काय पाहिलं? देवळाबाहेर एक निळी प्लास्टिकची खुर्ची. तिच्यावर धुतलेला पांढरा सदरा घातलेले नाना, सकाळपासून. मुंबईहून आलेले तिघेचौघे दंडाच्या बेडक्या दाखवत आले, गुंड्याला मिठी मारली, फोटो काढले आणि भजी खायला गेले. धोंडा तसूभर हलला नाही. नाना दुपारपर्यंत बसून राहिले. पालखी निघाली तेव्हा उठले, खुर्ची घडी होत नाही म्हणून डोक्यावर घेतली आणि घरी गेले. दुसऱ्या वर्षी तेच. साक्षीदार हजर आहे आणि साक्ष देण्याजोगं काही घडत नाही, हे दुरून बघायला विनोदी वाटेल. मला वाटलं नाही. जत्रेच्या दिवशी मीही उपकेंद्र उघडून बसलेली असायचे आणि दिवसभर कुणी यायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मी दाराला कडी लावली आणि देवळाकडे गेले. का गेले, मला आजही नीट सांगता येत नाही. नानांना म्हटलं, "मी बघू का उचलून?"

आजूबाजूची मंडळी हसली. इथे समोर बसलेले काही जण त्यात होते, नावं घेत नाही. एक जण म्हणाला, "सिस्टर, बाळंतपण नाय ता!" मी पदर खोचला, वाकले, दोन्ही हात लावले. काही झालं नाही. म्हणजे खरंच काहीच नाही. भिंतीला टेकून उभं राहावं तसं. मंडळी आणखी हसली. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "पाय चुकलो तुझो."

तीन वर्षांत या गावात औषधपाणी सोडून दुसऱ्या कशाविषयी कुणी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी तिथेच उभी राहिले. मग ते म्हणाले, "उद्या सांजेक ये. ही चप्पल घालून येव नको."

मी गेले. आणि मग बारा वर्षं जात राहिले.

उपकेंद्र बंद केलं की पाच वाजता मी देवळाकडे. नाना खुर्ची घेऊन आलेले असायचे. पहिलं वर्षभर त्यांनी मला गुंड्याला हात लावू दिला नाही. ओल्या रेतीची पिशवी उचलायची, ठेवायची. मग ओहोळातले लहान धोंडे, तेही भिजवलेले, निसटणारे. काहींना ते रुचलं नाही. एक वयस्कर गृहस्थ येऊन म्हणाले, "नानानू, बायलमाणसाक गुंड्याक हात लावूक दितास?" नाना म्हणाले, "गुंडो देवळाभायर आसा. आणि हात कोणाचो, ता गुंड्याक कळना नाय."

एकदा मी उपकेंद्रातला वजनकाटा घेऊन गेले. म्हटलं, नक्की किती किलो आहे ते तरी कळू दे. नाना इतके रागावलेले मी तोवर पाहिले नव्हते. "देवळासमोरचो गुंडो काट्यार चढवतंस? उचलतल्याक त्येचा वजन कळता. बाकीच्यांका कशाक होया?" त्यामुळे गुंड्याचं वजन मला माहीत नाही. माणसं उचलून उचलून हाताला जो अंदाज आलाय त्यावरून म्हणते, साठ किलोच्या वर आणि ऐंशीच्या आत.

आणि धरायचं कसं? मी आपली सवयीने बाळाला घेतात तसे हात घालायचे. ते म्हणाले, "गो, ल्हान पोराक घेतंस तसो घेव नको. बुडालेल्या माणसाक वर काढतंस तसो घे. तो तुका मदत करूचो नाय." त्यांनी खाडीतून अशी माणसं काढली होती. कसं घ्यायचं ते त्यांनी रेतीच्या पिशवीवर दाखवलं.

चौथ्या वर्षी गुंडो जमिनीवरून सुटला. सहाव्या वर्षी मांडीवर आला. तिथून छातीपर्यंत वीतभर अंतर असतं. त्या वीतभराला माझी सहा वर्षं गेली.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, हा हट्ट कशासाठी? सरकारी नोकरी, वय पन्नाशीचं, उद्या कंबर धरली तर? हे मी स्वतःला रोज विचारत होते. उत्तर एवढंच की संध्याकाळी पाच वाजता कुणीतरी माझी वाट बघत असायचं. आम्ही फारसं बोलायचो नाही. नाना म्हणायचे, "उजवो पाय." किंवा, "श्वास अडाकलो." किंवा नुसतं, "घाई." मी पुन्हा वाकायची. उजेड कमी झाला की ते खुर्ची उचलायचे आणि मी माझ्या क्वार्टरवर येऊन एका माणसाचा भात लावायची. एवढंच होतं. पण तेवढं रोज होतं.

आता जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरसाहेब, तुम्हीही ऐका.

नाना दर मंगळवारी उपकेंद्रात येत. बीपी मोजायचे, गोळ्या न्यायचे. दहा वर्षं मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. एका मंगळवारी मी चहा केला. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तो बशीच्या बाहेर टेबलावर सांडला. तरी ते ओतत राहिले. मी म्हटलं, "नाना!" त्यांनी माझ्याकडे मान वळवली, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी गेली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यात थोडा उजेड शिल्लक. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. त्यांनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, गावची नर्स. मग ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती मी विसरू शकत नाही.

दोन वर्षं. दोन वर्षं तो माणूस रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसत होता. दोन वर्षं तो माझ्या पावलांच्या आणि श्वासाच्या आवाजावरून सांगत होता, पाय चुकला, घाई झाली. आणि मला कळलं नाही, कारण मी गुंड्याकडे बघत होते. माझा पेशा काय, तर माणसाकडे बघणं. मी बघितलं नाही.

येताना एसटीत मी विचारलं, "नाना, सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "सांगलंय असतंय तर तू येवक नाय असतंस." सांगितलं असतं तर तू आली नसतीस.

क्षमा करा. पाणी घेते थोडं.

पुढच्या पौष महिन्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील, उपकेंद्राला सुट्टी होती. देवळापाशी कुणी नव्हतं. नाना खुर्चीवर, मी गुंड्याशी. त्या दिवशी वेगळं काही केलं नाही. वाकले, घेतला, मांडीवर आला, आणि तिथून तो वर सरकला. जसा काही त्यालाच यायचं होतं. छातीला थंडगार लागला. मी ताठ उभी राहिले. समोर देवळाचं कौलारू छप्पर, त्याच्यावर एक कावळा. एक श्वास. दोन. तीन. मग मी तो खाली ठेवला, टाकला नाही. ठेवला.

वळून म्हटलं, "नाना, झाला!"

नाना खुर्चीतच. हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, "नाना, ऐकलंत ना?" ते म्हणाले, "आयकलंय. तुझे तीन श्वास मी मोजलंय."

"मग म्हणा ना!"

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "उठलेलो गुंडो माका दिसूक नाय, सिस्टर. शिवान माका बघल्यान, मगे सांगल्यान. मी खोटा सांगूचंय नाय."

बारा वर्षं. मी पंचावन्न वर्षांची बाई, हातांची साल निघालेली, आणि जगात ज्या एका माणसाचा शब्द चालणार तो म्हणतो, मला दिसलं नाही. मला राग आला. इतका राग मला माझ्या नवऱ्याचाही आला नव्हता. मी म्हटलं, "दिसत नाही तर रोज खुर्ची टाकून बसता कशाला?"

हे मी बोलले. एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला, त्याच्या नर्सने हे म्हटलं.

ते उठले. खुर्ची तशीच ठेवली. देवळाच्या गडग्याला, त्या दगडी कुंपणाला, हात लावत लावत घरच्या वाटेला लागले. मी पाठमोरे नाना बघत राहिले. चार पावलं पुढे जाऊन हात धरला असता तर? मी धरला नाही.

चार महिने आम्ही बोललो नाही. मंगळवारी ते यायचे, हात पुढे करायचे, मी पट्टा बांधायची, डोळ्यांत थेंब घालायची. आकडा मी तन्वीला सांगायची, तन्वी त्यांना सांगायची. तन्वी, तू मला कधी विचारलं नाहीस. तुझे आभार मानायचे राहिलेत, ते आता मानते. त्या चार महिन्यांत पाच वाजले की मी दार लावून घ्यायची. मी या गावात आले तेव्हा एकटी होते, पण तेव्हा मला त्याची सवय होती.

मग चैत्रात एका मंगळवारी थेंब घालून झाले तरी नाना उठेनात. डोळे मिटलेलेच. म्हणाले, "मी इचार केलंय. डोळे गेले म्हणान साक्ष गेली, असा नाय. हातांका दिसता. मी हात गुंड्याच्या बुडाक लावतंय. तो उठलो काय हाताक वारो लागतलो. तू परत उचल."

मी म्हटलं, "नाना, सुटला तर हाताचा चुरा होईल."

ते म्हणाले, "तू टाकूची नाय."

त्या संध्याकाळी आम्ही गेलो. नाना जमिनीवर बसले, एक हात धोंड्याच्या बुडाशी धरून. मी वाकले. मित्रहो, तो गुंडो मी एकदा छातीला लावलेला होता, माझ्या हातांना वाट माहीत होती. पण खाली त्यांची बोटं होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, रेडीहून परतल्यावर जन्मभर खाडीत जाळी ओढून वाकडी झालेली बोटं. मला जोर लावताच येईना. मांडीपर्यंत आणला आणि घाबरून ठेवला. नाना म्हणाले, "नाय उठलो." पुढच्या आठवड्यात पुन्हा. "नाय उठलो." पाच वेळा केलं. पाचही वेळा ते "नाय" म्हणाले. शेवटच्या वेळी मी कपाळावर हात मारून हसायला लागले आणि तेही हसले. कुणी बघत नव्हतं तेव्हा उचलला, आणि साक्षीदाराने हात लावला तर उचलेना! दोघंही त्या धुळीत बसून पोट धरून हसलो. नाना इतके हसलेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाहीत.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर ते अंथरुणाला लागले. एका सकाळी मी पेज भरवताना धीर करून विचारलं, "नाना, पौषातल्या त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? मी उचलला होता असं वाटलं का?"

ते म्हणाले, "वाटला काय, ता इचारू नको. वाटता ती साक्ष न्हय."

दोन दिवसांनी सकाळी साडेनऊला ते गेले. त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. प्रितेश बोटीवर होता, त्याला पोचायला तीन दिवस लागले. प्रितेश, तू मला तेव्हा म्हणालास की सिस्टर, तुम्ही त्यांच्याजवळ होतात म्हणून मी निवांत होतो. तुला वाटलं मी त्यांना सोबत देत होते. ते उलटं होतं रे.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं त्याकडे येते.

यशोदा मॅडमनी मघाशी मानपत्र वाचलं. फार सुंदर लिहिलंय. त्यात एक वाक्य आहे, 'कातळखोलचा गुंडो उचलणाऱ्या पहिल्या महिला'. तन्वीने कुठून तरी ऐकलं असेल, तिने प्रेमाने सांगितलं, मॅडमनी प्रेमाने लिहिलं. मॅडम, माझी हात जोडून विनंती आहे, ते वाक्य खोडा.

मी उचलला नव्हता म्हणून नाही. मी उचलला होता. मला माहीत आहे आणि त्या कावळ्याला. पण या गावाने मला सतरा वर्षं सूट दिली. बाहेरची आहे म्हणून दिली, एकटी आहे म्हणून दिली, बाई आहे म्हणून दिली. भाजी आणून दिलीत, मासे दिलेत, सणाला ताट पाठवलंत. मी विसरणार नाही. पण मला एक पैशाची सूट न देणारा माणूस इथे एकच होता. त्यांनी 'उठलो' म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं आणि ती भाजीसारखीच आणखी एक वाटी झाली असती. त्यांनी मला गावातल्या कुठल्याही उचलणाऱ्यासारखं वागवलं आणि 'नाही' म्हटलं. त्यांचं 'नाही' तुम्ही मानपत्राने फिरवू नका.

मग मी समाधानी आहे का? मला माहीत आहे तेवढं पुरे, असं म्हणायला छान वाटेल. पण खरं सांगते, पुरत नाही. कुणीतरी म्हणायला हवं असतं.

म्हणूनच आणखी एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मी उद्याची गाडी पकडू शकत नाही.

नाना गेल्यानंतरची पहिली जत्रा. निळी खुर्ची नव्हती. सगळं गाव पालखीबरोबर तळीकडे गेलं होतं. मी देवळामागच्या बांगड्यांच्या पालाजवळ उभी होते. तेव्हा एक मुलगी गुंड्याजवळ आली. काजूच्या कारखान्यात कामाला जाते, कबड्डी खेळते, बावीस वर्षांची. तिने इकडेतिकडे पाहिलं. चपला काढल्या. पाय बरोबर ठेवला. कुणी शिकवलं होतं तिला? बहुतेक शाळेत असताना गडग्यावर बसून आम्हाला बघत असावी. तिने गुंडो मांडीवर घेतला, छातीला लावला आणि ताठ उभी राहिली. मी मोजले. एक. दोन. तीन. मग चौथाही घेतला.

ठेवल्यावर तिने मान वर केली आणि कुणाला तरी शोधलं. तिची नजर माझ्यावर आली. मित्रहो, ती नजर मला ओळखीची होती.

आणि मी काय केलं? मी बांगड्यांकडे वळले. हिरव्या बांगड्या हातात घेऊन भाव विचारला. कारण माझ्या उचलण्याला साक्ष नाही, आणि ज्याला साक्ष नाही त्याने साक्ष द्यायची नाही. नियम मी पाळला. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा ती चपला घालून निघाली होती.

त्याला आता कितीतरी महिने झाले. नानांच्या डोळ्यांत उजेड नव्हता, माझ्या डोळ्यांत होता. त्यांनी जे पाहिलं नाही ते सांगितलं नाही. मी जे पाहिलं ते सांगितलं नाही. या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. त्या सारख्या नाहीत.

अक्षया, तू शेवटच्या रांगेत आहेस. उभी राहा, बाळ. लाजू नकोस.

सुगंधाताई, मानकरी मंडळी, सगळे ऐका. मला साक्षीचा अधिकार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. नाना असते तर म्हणाले असते, "सिस्टर, तुका अधिकार नाय," आणि मी ऐकून घेतलं असतं. शिवा तांडेलांनी नानांना पाहिलं, नानांना मला पाहता आलं नाही, तिथे ती साखळी संपली. तुम्ही ती संपली म्हणा किंवा इथून नवी धरा, ते गावाने ठरवायचं. मी ठरवणार नाही, मी उद्या जाणार आहे. पण मी गावची नर्स होते आणि मला स्वच्छ दिसतं. गेल्या जत्रेला, पालखी तळीकडे गेली असताना, अक्षयाने गुंडो छातीला लावला आणि चार श्वास उभी राहिली. मी पाहिलं.

अक्षया, हे तुला त्याच दिवशी ऐकू यायला हवं होतं. उशीर झाला, त्याबद्दल तुझी माफी मागते. बस आता. रडू नकोस, सगळे बघताहेत.

उद्या सकाळच्या गाडीने मी कणकवलीला जाईन, तिथून पुढे परभणी. भावाने वरची खोली रंगवून ठेवली आहे. तिथे धोंडे नाहीत, काळी माती आहे.

सुगंधाताई, आपण अध्यक्षस्थानी राहिलात, डॉक्टरसाहेब आपण आलात, यशोदा मॅडम आपण लिहिलंत आणि आता खोडणारही आहात, मी आपली ऋणी आहे. ज्यांनी मला घरात घेतलं, ज्यांनी मध्यरात्री दार वाजवून उठवलं आणि ज्यांनी कधीच वाजवलं नाही, त्या सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, वेळेचं भान राहिलं नसेल, काही नावं सुटली असतील, तर पोटात घाला. सतरा वर्षांत माझ्या हातून काही बघायचं राहून गेलं असेल, तर त्याचीही आज क्षमा मागते. येते मी.